पट्टी कलली की उत्तर चुकले: साध्या यंत्रांवर भागाकार शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

मूल वहीत १२ ÷ ४ = ३ लिहिते आणि लगेच मान वर करून विचारते, "बरोबर आहे का?" पहिली काही वर्षे मी या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देत होतो. मग कधीतरी लक्षात आले की भागाकार मुलाने केला असला तरी तो बरोबर आहे की नाही हे मीच ठरवतोय. तरफ, उतरण, कप्पी, चाक, स्क्रू, पाचर ही साधी यंत्रे गणिताच्या तासाला आणायची ती यासाठी. मोजपट्टीची तरफ आडवी राहिली की उत्तर बरोबर, कलली की चूक. तिथे शिक्षकाला विचारावे लागत नाही.

मात्र यंत्राने खरे सांगायला हवे. वाकडी पट्टी, कमीजास्त वजनाची वॉशर, घासणारा दोरा असे काही असले की यंत्र खोटे बोलते आणि मुले पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघू लागतात. म्हणून या लेखात यंत्र कसे बनवायचे यापेक्षा ते खरे कसे बोलेल यावर जास्त लिहिले आहे. वर्ग साधारण तिसरी ते पाचवीचा धरला आहे. मुलांना दहापर्यंतचे पाढे बऱ्यापैकी यावेत, अडखळत आले तरी चालेल. सगळे नीट करायला सहा-सात तास लागतात. तेवढे मिळत नसतील तर फक्त तरफ करा आणि बाकीचे सोडून द्या.

यंत्र काढण्याआधीचा एक तास

पहिल्या तासाला फक्त वॉशर किंवा खडे घ्या. दोन कामे सांगा. एक, १२ वॉशर ४ जणांत सारखी वाटा. दोन, १२ वॉशरचे ४-४ चे ढीग करा. आता मुलांच्या हातांकडे बघा. पहिल्या कामात हात गोल फिरतो, एक याला, एक त्याला. दुसऱ्या कामात मूठ एकदम चार उचलते. दोन्हीकडे उत्तर ३ येते, पण पहिले ३ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची वॉशर आणि दुसरे ३ म्हणजे ढीग. "तीन काय?" हा प्रश्न त्या दिवशी कंटाळा येईपर्यंत विचारत राहा. पुढे उतरणीवर आपल्याला वाटणी लागणार आहे आणि चाकाच्या फेऱ्या मोजताना ढीग लागणार आहेत. हा फरक हाताला कळलेला नसला तर तिथे गोंधळ होतो.

शब्दांचाही एक गोंधळ आहे. आपण करण्याच्या क्रियेला भागाकार म्हणतो आणि येणाऱ्या उत्तरालाही भागाकारच म्हणतो. मोठ्यांना ते खटकत नाही. मुलांना "भागाकार करा आणि भागाकार लिहा" हे वाक्य कोडे वाटते. सुरुवातीचे काही दिवस मी उत्तराला सरळ "उत्तर" म्हणतो आणि भाज्य, भाजक, बाकी हे शब्द रुळले की मग "भागाकार" वापरतो. "१३ ला ४ ने भाग जात नाही" हे दुसरे घातक वाक्य. आपल्या मनात "नि:शेष" असते, पण मुलाला ऐकू येते की इथे काही करताच येत नाही, आणि ते पेन्सिल खाली ठेवते. "भाग जातो, पण बाकी उरते" असे पूर्ण म्हणा.

वर्गाचे गट पाडणे हाच त्या दिवसाचा पहिला भागाकार करा. ३० मुले, ४-४ चे गट: ७ गट होतात, २ मुले उरतात. त्या दोघांचे काय करायचे हे वर्गाला ठरवू द्या. बहुतेक वेळा दोन गटांत पाच-पाच जण बसतात. बाकी म्हणजे कुठेतरी सोय लावावी लागणारी खरी माणसे, हे त्यातून आपोआप कळते.

तरफ: इथे घाई करू नका

एका गटाला एवढे साहित्य लागते: ३० सेंटिमीटरची न वाकणारी मोजपट्टी, एक गोल पेन्सिल, सारख्या वजनाची १२ वॉशर, कागदाची एक लांब पट्टी, चिकटपट्टी आणि मातीचा छोटा गोळा. वॉशर एकाच मापाची आणि एकाच पाकिटातली घ्या. डब्यातून गोळा केलेली निरनिराळी वॉशर दिसायला सारखी असतात, पण वजनाला नसतात. ती वापरून मी एक अख्खा तास वाया घालवला आहे.

१. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे ती घरंगळणार नाही. हा आपला टेकू.

२. रिकामी मोजपट्टी टेकूवर ठेवून ती कुठे आडवी राहते ते शोधा. तो बिंदू बरोबर १५ सेंटिमीटरवर येईलच असे नाही, कारण पट्टीच्या टोकांना आकड्यांच्या बाहेर थोडी जागा सोडलेली असते. जिथे येईल तिथे खूण करा.

३. कागदाच्या पट्टीवर मधोमध ० लिहा आणि तिथून दोन्हीकडे दर २ सेंटिमीटरला १, २, ३ असे आकडे टाका. प्रत्येक बाजूला ७ घरे होतील. शून्य खुणेवर येईल अशा बेताने ही पट्टी मोजपट्टीवर चिकटवा.

४. पुन्हा रिकामी पट्टी टेकूवर तोलून बघा. एक बाजू किंचित खाली जात असेल तर हलक्या बाजूच्या टोकाला चिमूटभर माती लावा.

कागदाची पट्टी लावायचा कंटाळा करू नका. ती नसली की मुले मोजपट्टीवरचा आकडा वाचतात. टेकू १५ वर आणि वॉशर २१ वर असेल तर अंतर ६ आहे, पण मूल २१ लिहिते. अंतर टेकूपासून मोजायचे असते, आणि हे शंभरदा सांगण्यापेक्षा शून्य टेकूवर आणणे सोपे. वॉशर एकावर एक रचून ठेवायची आणि त्यांचे मधले भोक घराच्या रेघेवर आणायचे. कडा रेघेवर ठेवली तर उत्तर हलते.

पेन्सिल गोलच का, तेही सांगतो. सहा कडांची पेन्सिल सपाट बाजूवर ठेवली की पट्टी छान स्थिर राहते आणि नवा शिक्षक खूश होतो. पण ती सपाट जागा तीन-चार मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे छोटी चूक तिच्या पोटात जाते आणि असमान भारही तोललेला दिसतो. गोल पेन्सिलवर पट्टी चंचल असते, अगदी बरोबर भारालाही ती क्षणभर थरथरून एकीकडे झुकू शकते. म्हणून मुलांना सांगा: दोन्ही टोकांना बोटाने हलका आधार द्या, सोडा, आणि ती कोणत्या बाजूला ठामपणे जाते ते बघा. एकदा इकडे आणि एकदा तिकडे जात असेल तर ती तोललेली आहे असे धरायचे.

आता खेळ सुरू. डावीकडे ३ नंबरच्या घरात ४ वॉशर ठेवा. उजवीकडे ३ वॉशर द्या आणि विचारा, कोणत्या घरात ठेवली की पट्टी आडवी राहील? नियम सांगू नका. मुले सरकवत सरकवत ४ नंबरच्या घरावर येतात. आणि इथेच एक सापळा आहे. ४ वॉशर ३ च्या घरात, ३ वॉशर ४ च्या घरात, म्हणून वर्गातली हुशार मंडळी लगेच ओरडतात, "बेरीज सारखी पाहिजे! सात आणि सात!" त्यांना खोडू नका. "मग २ वॉशर कुठे ठेवाल?" असे विचारा. बेरजेच्या नियमाने उत्तर ५ येते. ५ च्या घरात २ वॉशर ठेवली की पट्टी डावीकडे कलते. मी काही न बोलता बेरीज मोडून पडते. मग ६ च्या घरात ती तोलली जाते. पुढे ६ वॉशर द्या, ती २ च्या घरात बसतात.

आता फळ्यावर जोड्या लिहा: ४ आणि ३, ३ आणि ४, २ आणि ६, ६ आणि २. कोणीतरी गुणाकार म्हणतेच. सगळीकडे १२. मग प्रश्न उलटा करा: डावीकडे १२ झाले आहेत, उजवीकडे माझ्या हातात २ वॉशर आहेत, घर कोणते? १२ ÷ २. "आणि हातात १ च वॉशर असेल तर?" बारावे घर हवे, पण पट्टी सातव्या घराला संपते. लांब पट्टी आणायची मागणी मुलांकडून आली तर ती पुरवा. एक लांब सरळ लाकडी पट्टी वर्गात असलेली बरी.

यानंतर पद्धत बदला. पट्टीला हात लावण्याआधी अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज पट्टी कलल्यावर खोडरबराखाली गुपचूप मरतो. डावीकडे ३ च्या घरात ६ वॉशर, उजवीकडे ३ वॉशर: १८ ÷ ३, घर ६. चूक निघाली तर ती तशीच राहू द्यायची आणि शेजारी पट्टीने काय सांगितले ते लिहायचे.

तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात भूमितीच्या पद्धतीने सिद्ध केला होता: भार आणि त्यांची टेकूपासूनची अंतरे एकमेकांच्या व्यस्त प्रमाणात असली की तोल साधतो. मुलांना एवढे सांगा की तुम्ही जे फळ्यावरच्या जोड्यांत शोधलेत तेच ते. "व्यस्त प्रमाण" हा शब्द मात्र अजून काही वर्षे थांबू शकतो.

बाकी पट्टीवर दिसते

या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे. डावीकडे पुन्हा ३ च्या घरात ४ वॉशर. उजवीकडे ५ वॉशर. २ च्या घरात ठेवली तर पट्टी डावीकडे कलते, ३ च्या घरात ठेवली तर उजवीकडे. कोणतेच घर जमत नाही. वर्गात कुजबुज सुरू होते, कोणी वॉशर दोन घरांच्या मध्ये सरकवून बघते. ते चुकीचे नाही, अपूर्णांकांकडे जायची ती वाट आहे. पण आज आपल्याला बाकी हवी आहे, म्हणून सांगा: पाचही वॉशर २ च्याच घरात ठेवायची, आणि आणखी २ वॉशर १ च्या घरात ठेवून बघा.

पट्टी आडवी राहते.

१२ ÷ ५, उत्तर २, बाकी २. पाच वॉशर दुसऱ्या घरात म्हणजे १०, वरची दोन पहिल्या घरात म्हणजे २, एकूण १२. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे सूत्र पाठ करून घेण्याऐवजी टेबलावर मांडून ठेवता येते. आणखी एक करा: डावीकडे ३ च्या घरात ५ वॉशर, म्हणजे १५. उजवीकडे ४ वॉशर. ती ३ च्या घरात जातात आणि उरलेल्या तिघांना पहिले घर मिळते. १५ ÷ ४, उत्तर ३, बाकी ३. बरोबर बारा वॉशर लागतात, म्हणून वर बारा मागितली.

बाकी भाजकापेक्षा लहानच का असावी लागते, याचे उत्तरही पट्टीवर आहे. कोणीतरी १२ ÷ ४ चे उत्तर २, बाकी ४ असे काढते. त्या मुलाला ते मांडायला सांगा: २ च्या घरात ४ वॉशर, १ च्या घरात आणखी ४. पट्टी तोलली जाते! म्हणजे हिशेब खोटा नाही. फक्त पहिल्या घरातली चार उचलून टाका आणि दुसऱ्या घरातली चार एकेक घर पुढे सरकवा. पट्टी अजून आडवीच, आणि बाकी संपली. बाकी भाजकाएवढी झाली की सगळ्यांना एक घर पुढे जाता येते, मग मागे कशाला ठेवायचे? "बाकी लहान हवी" हा नियम फळ्यावर सांगून जितका पटत नाही तितका इथे पटतो.

विज्ञानाच्या बाजूने टेकू, भार आणि बल हे तीन शब्द याच तासात येऊ द्या. मध्ये टेकू असेल तर पहिल्या प्रकारची तरफ (कात्री, सी-सॉ), मध्ये भार असेल तर दुसऱ्या (एका चाकाची ढकलगाडी, अडकित्ता), मध्ये बल असेल तर तिसऱ्या प्रकारची (चिमटा). तिसऱ्या प्रकारात ताकद वाचत नाही, उलट जास्त लागते. हे एखादे मूल चिमट्याने जड गोळी उचलून बघताना स्वतःच सांगते. प्रकार पाठ करून घेण्यात अर्धा तास घालवू नका.

उतरण: सगळ्यांसमोर एकच

उतरणीला वॉशर बरीच लागतात, म्हणून सगळ्या गटांची वॉशर एकत्र करून हा प्रयोग पुढच्या टेबलावर एकदाच करा. ६० सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत फळी, तिचे एक टोक पुस्तकांवर २० सेंटिमीटर उंच. चाके असलेली छोटी गाडी घ्या आणि तिच्यात माती भरून तिचे वजन २४ वॉशरएवढे करा. मोठ्या तरफेवर दोन्हीकडे समान घरात ठेवून हे वजन जुळवता येते. गाडीला दोरा बांधून तो फळीला समांतर वर न्या, वरच्या कडेला सहज फिरणाऱ्या रिळावरून घ्या आणि खाली लोंबणाऱ्या टोकाला कागदी पेला बांधा. पेल्याचे वजन धरायला विसरू नका. पेला किती वॉशरचा भरतो ते आधीच मोजून फळ्यावर लिहा.

गणित असे: लांबी ६० ÷ उंची २० = ३. उतरण भार तीन भागांत वाटते आणि त्यातला एकच भाग आपल्याला ओढावा लागतो. २४ ÷ ३ = ८ वॉशर. मुले अंदाज लिहितात, पेल्यात एकेक वॉशर टाकतात... आणि आठला काहीच होत नाही. गाडी ना वर, ना खाली.

नव्या शिक्षकाचा धीर इथे सुटतो. घर्षण गाडीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, वर जातानाही आणि खाली येतानाही. म्हणून दोन आकडे काढा: किती वॉशरला गाडी वर सरकू लागते, आणि वॉशर काढत गेल्यावर कितीला ती खाली घसरू लागते. समजा १० ला चढली आणि ६ ला घसरली, तर मधला आकडा ८. तुमचे आकडे निराळे येतील, पण मध्य आठच्या आसपास यायला हवा. फार लांब असेल तर रीळ अडकते आहे का, गाडीचे चाक फळीला घासते आहे का ते बघा.

मग पुस्तके कमी करा. उंची १५ केली तर ६० ÷ १५ = ४ आणि २४ ÷ ४ = ६. उंची १० केली तर ६ आणि मग ४. एका प्रश्नात दोन भागाकार होतात आणि मुले कुरकुरत नाहीत, कारण पुढे गाडी हलणार असते. लांबी मोजताना फळीची तिरकी लांबी घ्यायची, टेबलावरचे आडवे अंतर नाही. ही चूक मोठीही करतात.

ताकद वाचली तर गेली कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा. सरळ उचलली असती तर गाडी २० सेंटिमीटर वर गेली असती आणि हातावर २४ चा भार आला असता. उतरणीवर ८ चा भार, पण अंतर ६०. २४ × २० = ४८० आणि ८ × ६० = ४८०. यंत्र ताकद फुकट देत नाही, ती अंतराच्या बदल्यात देते. मोठ्या मुलांना सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाची गोष्ट सांगता येते. त्याने १५८६ साली दोन उतरणींच्या त्रिकोणावर सारख्या मण्यांची माळ टाकल्याची कल्पना केली. एक उतरण दुसरीच्या दुप्पट लांब असेल तर तिच्यावर मणीही दुप्पट बसतात, तरी माळ आपली आपण फिरत सुटत नाही. म्हणजे लांब उतरणीवरचा प्रत्येक मणी कमी ओढतो.

रबरबँड ताणून ताकद मोजायचा मोह टाळा. जास्त-कमी कळण्यापुरता तो ठीक आहे, पण दुप्पट बलाला तो दुप्पट ताणला जातोच असे नाही, त्यामुळे भागाकाराला निरुपयोगी. ताणकाटा असेल तर उत्तम.

कप्पी

रिकामे रीळ आणि त्यातून जाणारी जाड तार म्हणजे कप्पी झाली. वर बांधलेली एकच कप्पी ताकद वाचवत नाही, फक्त दिशा बदलते: वर उचलण्याऐवजी आपण खाली ओढतो. २४ ÷ १ = २४. एकने भागणे इतके निरुपयोगी वाटते म्हणून मुले ते विसरतात. इथे त्याला काम मिळते. भाराबरोबर वर जाणारी कप्पी लावली की ती दोन दोऱ्यांवर तोललेली असते आणि २४ ÷ २ = १२ लागतात. हलत्या कप्पीला किती दोऱ्या धरून आहेत ते मोजा, तोच भाजक. भार १० सेंटिमीटर वर जायला दोरा २० सेंटिमीटर ओढावा लागतो, तेही मोजून घ्या.

दोन गुळगुळीत दांड्यांचा खेळ तर करायलाच हवा. दोघे जण समोरासमोर एकेक दांडा आडवा धरून उभे राहतात. दोरीचे एक टोक एका दांड्याला बांधून ती दोन्ही दांड्यांभोवती तीन-चार वेढे फिरवायची आणि मोकळे टोक वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातात द्यायचे. दोघांनी जोर लावून दांडे लांब ठेवायचे, लहान्याने ओढायचे. दांडे जवळ येतात. प्रत्येक वळणावर घर्षण आपला वाटा घेते, म्हणून इथे आकड्यांचा हट्ट धरू नका. बोटे मात्र दोरीच्या वेढ्यांपासून लांब. हे आधी सांगा, नंतर नाही.

चाक, दाते आणि आटे

आता वाटणी संपली, ढीग सुरू. साधारण ७ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ जवळपास २२ सेंटिमीटर भरतो. सूत्र नको, चाकाभोवती दोरा गुंडाळून मोजा. चाकावर एक ठळक खूण करा. जमिनीवर १०० सेंटिमीटरची रेघ आखा आणि विचारा, चाक किती वेळा पूर्ण फिरेल? १०० मध्ये २२ चे ढीग ४, बाकी १२. चार फेऱ्या झाल्यावर खूण जमिनीला टेकते आणि तिथून रेघेच्या टोकापर्यंत मोजपट्टी लावली की १२ सेंटिमीटर भरतात. दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे होतील. चाक घसरू न देता फिरवायची सवय व्हायला दोन फेऱ्या जातात.

दातेरी चाकांना साध्या सहा यंत्रांत जागा नाही, पण भागाकारासाठी त्यांच्यासारखे काही नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचा एका बाजूचा कागद सोलून काढला की आतल्या उंचवट्यांची पट्टी मिळते. ती झाकणाभोवती चिकटवली की दाते तयार. २४ दात्यांचे चाक ८ दात्यांच्या चाकाला लावले तर मोठ्याच्या एका फेरीत छोटे ३ फेऱ्या मारते. ९ दात्यांचे लावा: २ फेऱ्या, बाकी ६ दाते. दोन्ही चाकांवरच्या खुणा पुन्हा समोरासमोर केव्हा येतील हे शोधायला द्या. मोठ्याच्या ३ आणि छोट्याच्या ८ फेऱ्या झाल्यावर येतात, कारण ७२ हा दोघांच्याही पाढ्यात आहे. लसावि हा शब्द न उच्चारता लसावि झाला.

स्क्रूसाठी काटकोन त्रिकोणाचा कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी कड वर चढत जाते आणि उतरणच गुंडाळली गेली हे दिसते. मग ६ मिलिमीटर जाडीचा नेहमीच्या आट्यांचा बोल्ट द्या: नटाच्या १० फेऱ्यांत नट १० मिलिमीटर सरकतो, म्हणजे फेरीला १. जाडी ८ मिलिमीटरची असेल तर १० मिलिमीटर जायला ८ च फेऱ्या पुरतात. १० ÷ ८ चे काय करायचे ते तुमच्या वर्गाच्या वयावर सोडतो. पाचर म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन उतरणी. दाखवा आणि पुढे जा.

वहीतला भागाकार सोडू नका

यंत्रांचे तास चालू असताना रोज दोन लेखी भागाकार चालू राहावेत. त्यात एक चूक हमखास भेटते: ६१८ ÷ ६ = १३. मधल्या १ ला सहाने भाग लावला तर ० येतो, तो शून्य लिहायचा राहून जातो. पट्टीची सवय झालेल्या वर्गात हे समजावणे सोपे जाते. १३ × ६ = ७८. डावीकडे ६१८, उजवीकडे ७८, पट्टी कोणीकडे कलेल? माझ्या वर्गात चुकलेल्या उत्तराला मुले "कलतंय" म्हणू लागली होती, आणि ती स्वतःच्याच वहीकडे बघून म्हणायची.

÷ या चिन्हाबद्दल कोणी विचारलेच तर सांगता येते की ते भागाकारासाठी योहान रान या स्विस गणितज्ञाने १६५९ साली छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात वापरले. मुलांना आवडणारी नजर अशी: मधली रेघ टेकूवरची पट्टी आणि वर-खाली एकेक वॉशर. रानच्या मनात असे काही नव्हते, पण लक्षात राहायला बरे.

शेवटच्या एका तासात प्रत्येक गटाला हवे ते यंत्र बनवू द्या. अट एकच. यंत्राला एक चिठ्ठी बांधायची, तिच्यावर त्या यंत्राने केलेला एक भागाकार लिहायचा आणि दुसऱ्या गटाने तो तपासायचा. दिसायला सुंदर पण चिठ्ठी नसलेले यंत्र टेबलावर ठेवायचे नाही. या अटीमुळे रंगरंगोटीत जाणारा वेळ निम्मा होतो.

आणि दहा मिनिटे शून्यासाठी राखून ठेवा. पट्टीवर डावीकडे ३ च्या घरात ४ वॉशर. उजवीकडची सगळी वॉशर मुलांच्या हातात द्या आणि सांगा, फक्त ० च्या घरात ठेवून पट्टी आडवी करा. टेकूच्या बरोबर वर एक ठेवतात, दोन ठेवतात, आठही ठेवतात. ढीग उंच होतो, पट्टी डावीकडेच पडलेली असते. १२ ला ० ने भागायला कोणताच आकडा का चालत नाही, ते तिथे दिसते. मग डावीकडची चारही वॉशर काढून घ्या. आता शून्याच्या घरात एक ठेवले तरी पट्टी आडवी, तीन ठेवली तरी आडवी. "मग ० ÷ ० चे उत्तर किती?" असे विचारून गप्प बसा.